शिंपल्याची जागा

अण्णा आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी शिरा खाण्याआधी चमचा उलटा केला, त्याची पाठ पाहिली, खिशातून भिंग काढून पुन्हा पाहिली आणि शिरा हाताने खाल्ला. चमचा स्टीलचा होता, सुपरमार्केटमधून सहाच्या सेटमध्ये आणलेला. माझ्या नवऱ्याने विचारलं, "काय झालं अण्णा?"

"काय न्हाई. कुनी केलाय त्ये कुटंच दिसंना. बेवारशी चमचा हाय. त्यानं कसं खायाचं?"

तेव्हापासून आमच्या घरात त्या चमच्यांचं नाव बेवारशी. मुलगी एरवी आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, पण अजूनही जेवताना "आई, वन बेवारशी प्लीज" म्हणते.

अण्णा चांदीचे कारागीर. गाव हुपरी, कोल्हापूरजवळचं, जिथे घरटी कुणीतरी पैंजण घडवतं. बहरीनला, मनामाच्या जुन्या बाजारात, सोन्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचं आणि हाजींचं दुकान होतं. हाजी इथलेच, बहरिनी. त्यांचे आजोबा मोत्यांचे व्यापारी, मुंबईशी व्यवहार, म्हणून घरात सगळ्यांना हिंदी. परवाना हाजींच्या नावावर, हात अण्णांचा, अशी चाळीस वर्षांची भागीदारी. कधीकाळी कागदावर करार झाला होता म्हणे, पण तो कुठे ठेवलाय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी तिथे अकरा वर्षं काऊंटर सांभाळला. नवरा सित्र्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला, मुलगी दिवसभर शाळेत, आणि मला फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघत बसायची सवय नाही. मुलाखत दोन मिनिटांत झाली. हाजींनी इंग्रजी येतं का ते विचारलं. अण्णांनी गाव विचारलं. "सांगली? म्हंजे चोरी करनार न्हाई, बोलनार मातर लई." आणि पडद्यामागे निघून गेले.

पडद्याच्या अलीकडे दुकान, पलीकडे त्यांचा कारखाना: ऐरण, मूस, कानशी, फुंकणी. दुकानात एसी होता. कारखान्यात त्यांनी तो लावू दिला नाही, कारण वाऱ्याने ज्योत हलते. ऑगस्टमध्ये ते आत बनियनवर काम करत, आणि बाहेर काऊंटरला आले की गारठा बाधतो म्हणून बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालत. दिवसातून तीसदा स्वेटर घालायचा, तीसदा काढायचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना स्वेटर घालून येणारा माणूस पाहून गिऱ्हाइकं दचकत. मला पहिले काही दिवस हसू यायचं, मग दिसायचंच बंद झालं.

दर दोन वर्षांनी त्यांना पंचेचाळीस दिवसांची रजा मिळायची. ते तिसाव्या दिवशी परत हजर. "तितं आता समदं मशीन. डाय मारली की शंभर जोड. मी जाऊन काय करू? टाळ्या वाजवू?"

दुकानाचे दोन ठसे होते, तांदळाच्या दाण्याएवढे. अण्णांचा घुंगरू, हाजींचा शिंपला. वस्तू पुरी झाली की अण्णा ती स्वतः तपासत आणि मनासारखी असेल तर तिच्या पाठीवर डावीकडे घुंगरू मारत. मग ती हाजींकडे जाई. हाजी ती खिडकीशी नेत, फिरवत, नखाने टोकरत, आणि पसंत पडली तरच उजवीकडे शिंपला मारत. दोन्ही ठसे असल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर जायची नाही. ज्याचा ठसा त्यानेच मारायचा. आणि एकाच घावात मारायचा, कारण दुसरा घाव घातला की कडा दुहेरी दिसतात. अण्णांच्या लेखी ती खोटी सही.

हाजी डावरे होते. हातोडी डाव्या हातात, ठसा उजव्या हातात, आणि त्या उजव्या हाताच्या बोटांत तसबी, म्हणजे जपाची माळ, गुंडाळलेली. ती ते कधी काढून ठेवत नसत. त्यामुळे शिंपला नेहमी थोडा कलंडलेला पडे.

"बगा बाई, बुडाला ह्येंचा शिंपला," अण्णा मला म्हणत, आणि हाजींना कळावं म्हणून हिंदीत पुन्हा म्हणत.

"सीप समुंदर में सीधी सोती है क्या?" हाजी म्हणत. "तुम अपना घुंगरू देखो, बाबा."

मी लागले त्याच वर्षी अण्णांनी एक मबखरा केला होता. मबखरा म्हणजे ऊद जाळायचं धूपपात्र, इथे प्रत्येक घरात असतं. चार पायांचा, जाळीदार, सुंदर. गिऱ्हाईक ठरलेलं. हाजींनी तो काऊंटरवर ठेवला, एका बोटाने ढकलला आणि परत दिला. "हिलता है."

"टेबल हिलता है," अण्णा म्हणाले.

"टेबल मेरे बाप का है. चालीस साल में नहीं हिला."

मबखरा तीन आठवडे तसाच राहिला. दोघांचं बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत. एका खोलीत सहा फुटांवर बसलेली दोन म्हातारी माणसं, आणि मध्ये मी: "अण्णा म्हणताहेत, चहा पाहिजे का?" "उसको बोलो, मफी." म्हणजे नको. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी आले तर अण्णा ऐरणीजवळ काचेच्या तुकड्यावर मबखरा ठेवून पायाखाली सिगारेटचा कागद सरकवून बघत होते. कागद एका पायाखाली गेला. त्यांनी मबखरा मोडला आणि मुशीत टाकला. मग स्वेटर घालून गल्लीच्या तोंडाशी गेले, दोन करक, म्हणजे इथला आटवलेला दुधाळ चहा, घेऊन आले आणि त्यातला एक हाजींच्या पुढ्यात ठेवला. हाजींनी तो घेतला. मी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की आणखी महिना लागेल, आणि दुपारपर्यंत त्यांचा बोलून बोलून नुसता कलकलाट सुरू झाला.

मला त्या वेळी हा वेळेचा अपव्यय वाटला होता. पाय किंचित घासला असता तर काम झालं असतं. मी तसं म्हणालेही. अण्णा म्हणाले, "घासला असता तर पाय बरोबर झाला असता बाई. पर हाजींना म्या टेबलाचं नाव सांगितलं, त्याचं काय?"

मग दोन वर्षांपूर्वी एक अमेरिकन बाई आल्या. पिकले केस, साधी राहणी. त्यांचा नवरा इथल्या एका बँकेत होता. फ्लॅनेलच्या फडक्यात पाच चमचे गुंडाळून आणले होते, दोनशे वर्षांहून जुने, घराण्यात आईकडून मुलीकडे आलेले. सहावा केव्हातरी हरवला होता. तो त्यांना हवा होता.

अण्णांनी अर्थात चमचा उलटा केला. पाठीवर एका चौकोनात एक आडनाव, मग 'आणि'ची खूण, आणि त्यापुढे नुसता खरवडा. पाचही चमच्यांवर तसंच.

बाईंनी सांगितलं ते मी मराठीत सांगत गेले. त्यांच्याकडे सुरुवातीच्या काळात चांदीच्या खाणी नव्हत्या. लोक साठवलेली नाणी घेऊन कारागिराकडे जात, तो ती वितळवून चमचे, पेले करून देई आणि आपला ठसा मारी. दोघं दोघं मिळून दुकान काढत, तेव्हा दोघांची नावं एका ठशात कोरत. भागीदारी संपली की कुणी नवा ठसा करी, कुणी आहे त्याच ठशावरचं दुसऱ्याचं नाव कानशीने घासून टाकी. नवा ठसा कोरणं महाग पडे.

हाजी म्हणाले, त्यांच्या आजीचे वाळेही नाण्यांचेच होते. अण्णांनी चमचा खाली ठेवलाच नाही. त्या खरवड्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "इचारा त्यास्नी. भांडला का मेला?"

"काय?"

"दुसरा. ज्येचं नाव घासलं त्यो. भांडून गेला का मेला?"

बाई म्हणाल्या, ते कुणालाच माहीत नाही.

हे अण्णांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला त्यांनी बाईंकडून एक जाडजूड पुस्तक मागवून घेतलं. त्यात जुन्या अमेरिकन कारागिरांचे ठसे आणि कोण कुणाबरोबर किती वर्षं होता याच्या नोंदी होत्या. अण्णांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून दुपारी जेवणानंतर मी वाचायचं आणि त्यांनी काम करता करता ऐकायचं, असं सुरू झालं. नावं मला आता आठवत नाहीत, अण्णांचे निकाल आठवतात.

"दोघं, तीन वर्षं. मग एकटा. मग मेव्हण्याबरोबर."

"मेव्हण्यासंगं किती?"

"दोन वर्षं."

"लई झाली."

"बाप आणि दोन मुलगे. मग एकच मुलगा."

"धाकला असनार. थोरल्याला वाटलं असंल, दुकान माजंच हाय."

"दोघं, तीस वर्षं."

इथे कानस थांबायची. "तीस? मग? मग काय झालं?"

"पुढे काही नाही लिहिलेलं."

"ह्ये काय पुस्तक झालं? घेतलं कुनाला, सोडलं कुनाला, समदं हाय. कशापायी ते न्हाई." असं म्हणून पुन्हा कानस सुरू. हाजी खुर्चीत डोळे मिटून पडलेले असत. एकदा तसेच डोळे मिटलेले असताना म्हणाले, "तुम्हारा मेरा भी लिखेगा कोई, अन्ना. इंशाल्ला. लिखेगा, एक अच्छा था, एक कोल्हापूर का था."

चमच्याचं काम अण्णांनी लांबवलं. बाईंनी जुनी चांदीची नाणी आणून दिली होती, तीच वापरायची होती. जुने चमचे कागदासारखे पातळ आणि तरी ताठ होते, ठोकून ठोकून आणलेले. अण्णांनी चार चमचे करून मोडले. बाईंना घाई नव्हती.

त्याच सुमारास हाजींचा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग किल्लीच्या भोकात. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. एका दुपारी अण्णा वरच्या खोलीत झोपायला गेले होते तेव्हा हाजींनी मला खुणेने जवळ बोलावलं, शिंपल्याचा ठसा माझ्या हातात दिला आणि तांब्याची एक पट्टी पुढे सरकवली.

"तुम मारो. सीखो."

मी म्हटलं, "अण्णांना कळलं तर?"

"इसलिए बोल रहा हूँ, उसको मत बोलना. उसका उसूल मालूम है न? मेरा हाथ गया, तो दुकान गया. वो सामान बाहर नहीं जाने देगा, और कुछ बनाएगा भी नहीं. बैठ के मरेगा. समझी?"

समजण्यासारखंच होतं. मी पट्टीवर एकोणीस घाव घातले. पहिले काही फसले, कुठे नुसता अर्धा शिंपला, कुठे दोन. शेवटचे बरे आले. पट्टी मी भंगाराच्या डब्यात टाकली. त्या दिवसापासून असं चाललं: हाजी वस्तू नेहमीसारखी खिडकीशी नेऊन तपासत, दहा दहा मिनिटं, हात कापत असला तरी. नापसंत असेल तर परत करत. पसंत पडली की दुपारी अण्णा वर गेल्यावर म्हणत, "मारो," आणि मी मारत असे. मला त्यात काही गैर वाटलं नाही. पारख हाजींचीच होती. मी नुसती हातोडी.

चार महिने हे चाललं. मग हाजींना न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी ते सलमानियाच्याच हॉस्पिटलात वारले. त्या नऊ दिवसांत अण्णा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत. काय बोलत कुणास ठाऊक. एकदा मी गेले तेव्हा दोघं नर्सच्या ट्रेवरचा चमचा उलटा करून बघत होते.

हाजींचा चाळिसावा दिवस होऊन गेला आणि हाजींची मुलगी दुकानात आली. अबाया, हातात फायलींची बॅग, स्वभावाने सरळ. तिला अण्णांनी लहानपणी पैंजण घडवून दिले होते. तिने एक डबी काऊंटरवर ठेवली. आत शिंपल्याचा ठसा.

"अंकल, अब्बा ने बोला था, यह आपको देना. दोनों आप मारो. परवाना मैं अपने नाम कर लूँगी, काग़ज़ तैयार हैं. दुकान चलने दो."

म्हणजे सगळं जागच्या जागी राहणार होतं. अण्णांचा व्हिसा, दुकान, माझी नोकरी. आत ऐरणीवर अमेरिकन बाईंचा चमचा तयार होता, डावीकडे घुंगरू मारलेला. बाईंच्या नवऱ्याची बदली झाली होती. त्या आठवड्याभरात जाणार होत्या. अण्णांनी फक्त हो म्हणायचं होतं.

अण्णांनी डबी बंद केली आणि तिच्या बाजूला सरकवली.

"अंकल, अब्बा की मर्ज़ी थी."

"बेटी, चालीस साल मैंने तेरे बाप का सुना नहीं. आज सुनूँगा तो उसको शक होगा."

ती हसली, मग रडली. पण डबी काही तिने उचलली नाही. "सोचो," म्हणाली आणि गेली.

मला राग आला. मी पडदा सारून आत गेले आणि म्हटलं, "अण्णा, तुम्ही ज्या नियमाला धरून बसलाय ना, तो कधीच मोडलाय. गेले चार महिने शिंपला मी मारत होते. हाजींचा हात चालत नव्हता. प्रत्येक वस्तूवर माझा घाव आहे. काय बिघडलं?"

अण्णांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते आत स्वेटर घालून बसलेत. भट्टी पेटवलेलीच नव्हती.

"ठाव हाय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"चाळीस वर्सांत हाजींचा शिंपला कवा सरळ पडला न्हाई. आनि हात कापाया लागल्यावर एकदम सरळ? रोज सरळ? बाई, तुमी लई नीटनेटक्या."

मी एवढी काळजी घेतली होती. फूटपट्टी धरून, श्वास रोखून, अगदी काटकोनात. थोडा कलंडवायला हवा होता हे मला सुचलंच नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्यो खिडकीत जाऊन बगत होता न्हवं? पसंत न्हाई म्हनत होता न्हवं? कानातल्यांचं दोन जोड परत केलं त्यानं मला, त्या चार महिन्यांत. मग ठसा त्याचाच. तुमी मारा न्हाईतर आनि कुनी मारा." चष्मा पुन्हा डोळ्यावर गेला. "आता खिडकीत कोन जानार?"

मी म्हटलं, "तुम्हीच जा. तुम्हाला चांदीतलं हाजींपेक्षा जास्त कळतं."

"मला कळतं. पर मला 'हिलता है' कोन म्हननार?"

मी बाहेर येऊन बसले. अर्ध्या तासाने आतून बोलावणं आलं. चमचा ऐरणीवर पालथा होता. अण्णांनी कर्कटकाने घुंगरापासून अंतर मोजून, जिथे शिंपला यायचा ती जागा आखली होती, आणि तेवढी जागा आरशासारखी झिलई देऊन ठेवली होती. बाकी पाठ साधी, हातोडीच्या बारीक खुणांची, तेवढीच चकचकीत.

"बाईस्नी सांगा. त्येंच्या मानसानं कानस मारली. दोनशे वर्सं झाली, अजून कुनाला कळंना भांडला का मेला. मी कानस मारत न्हाई आनि मेलेल्याचा ठसा बी मारत न्हाई. जागा ठेवलीय. जागा हाय म्हंजे मानूस व्हता, आनि भांडान न्हवतं."

"भांडण होतं की, अण्णा."

"ते येगळं."

चाळीस वर्षांत दोन ठशांशिवाय बाहेर गेलेली ती एकच वस्तू. अमेरिकन बाई चमचा न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी नवा चमचा पालथा ठेवला, शेजारी जुना, आणि खरवड्यावरून, मग मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, आजवर मी गृहीत धरलं होतं की ते भांडलेच असणार. पुस्तक त्या परत नेणार होत्या, ते त्यांनी अण्णांनाच देऊन टाकलं. अण्णांनी ते घेतलं. वाचून कोण दाखवणार, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

दुकान दोन महिन्यांत बंद झालं. उरलेलं सामान, हाजींची खुर्ची आणि न हलणारं टेबल मुलीने नेलं. डबीही तिनेच नेली, अखेर. अण्णा हुपरीला गेले. या खेपेला तीस दिवसांनी परत आले नाहीत. मी आता एका दंतवैद्याच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट्स बघते. एसी चांगला आहे.

जायच्या दिवशी अण्णांनी मला एक पुडी दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, चपटी. "घरी जाऊन बगा," म्हणाले, आणि टॅक्सीत बसले. मी घरी जाईपर्यंत कशाला थांबू? गल्लीतच उघडली.

तांब्याची पट्टी होती. भंगारातून काढून, घासून स्वच्छ केलेली. माझे एकोणीस शिंपले, अर्धे, दुहेरी, वेडेवाकडे, मग हळूहळू सरळ होत गेलेले. अण्णांनी एकेक तपासलेला दिसत होता, कारण प्रत्येकाखाली टोकदार सुईने बारीक रेघ ओढली होती. पहिल्या अठरांच्या डावीकडे काही नव्हतं.

एकोणिसाव्याच्या डावीकडे घुंगरू होता. एका घावात मारलेला.